सोलापूरच्या उन्हाधुळीत गाडीच्या रंगाची झळाळी परत आणताना

सोलापुरात चार-पाच वर्षे वापरलेली गाडी उन्हात उभी करून तिच्या बोनेटकडे तिरपे पाहिले, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळाकार ओरखड्यांचे जाळे दिसते. बहुतेक मालक याचा दोष उन्हाला देतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि गडद रंगाच्या बोनेटवर हात टेकवत नाही, तेव्हा रंग कोमेजण्यात उन्हाचा वाटा मोठा आहेच. पण हे ओरखडे उन्हाने पडत नाहीत, ते कोरड्या फडक्याने पडतात. रात्रभर गाडीवर बसलेली काळ्या मातीची आणि रस्त्यावरील खडीची बारीक धूळ सकाळी झटकणीने किंवा सुती फडक्याने ओढली, की तिचा प्रत्येक कण रंगावर रेघ काढत पुढे सरकतो. हे रोज घडते, आणि तेही गाडीची काळजी घेण्याच्या चांगल्या हेतूने. म्हणूनच रंग पूर्ववत करण्याचे काम पॉलिश मशीनच्या आधी बादली आणि फडक्यापासून सुरू करावे लागते.

मशीनला हात लावण्यापूर्वी गाडीचा रंग म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारखान्यात पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर विद्युत-प्रक्रियेने बसवला जातो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सारे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. गाडीची चमक याच थरातून येते आणि अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्येही याच थरात असतात. पॉलिशने ओरखडा भरून येतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ओरखड्याच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट केला जातो आणि त्यामुळे ओरखडा दिसेनासा होतो. कडक कंपाउंडच्या, म्हणजे रंग घासणाऱ्या खरखरीत पेस्टच्या, एका पूर्ण कामात ३ ते ५ मायक्रॉन, तर हलक्या फिनिशिंगमध्ये सुमारे एक मायक्रॉन थर निघून जातो. हा थर म्हणजे मालकाचे मुद्दल आहे, आणि दर सर्व्हिसिंगच्या वेळी ‘रबिंग करून द्या’ असे सांगणारा मालक चमक मिळवण्याच्या नादात तेच मुद्दल संपवत असतो.

त्यामुळे गाडी पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हा रंग पॉलिशने सुधारण्याजोगा आहे का? ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकत असेल तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. फार तर त्याच्या कडा गोलसर होऊन तो कमी उठून दिसेल, आणि एवढ्यावर समाधान मानणेच शहाणपणाचे आहे. छप्पर किंवा बोनेटवर पांढरट चट्टे पडून त्यांच्या कडांना पापुद्रे सुटू लागले असतील, तर तेथील क्लिअर कोटच मेलेला असतो. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांत ही स्थिती आपल्याकडे वारंवार दिसते. तेथे कोणतेही कंपाउंड उपयोगाचे नाही. ते पॅनल पेंटरकडे देऊन पुन्हा रंगवून घ्यावे लागते. याउलट, जुन्या सॉलिड (धातूची चमक नसलेल्या, सपाट) रंगाच्या काही गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. अशा गाडीच्या एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर थोडे पॉलिश हाताने घासले, की फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. यात काळजीचे कारण नाही. खडूसारखा भुरकट पडलेला असा रंग हलक्या हाताने केलेल्या पॉलिशला फार चांगली दाद देतो.

सेकंड-हँड गाडी असेल तर रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळवून प्रत्येक पॅनल तपासून घ्यावे. एका दारावर १२० आणि शेजारच्या दारावर २५० मायक्रॉन असा आकडा आला, तर दुसऱ्या दाराचे डेंटिंग-पेंटिंग झालेले आहे, असे समजावे. गॅरेजमध्ये मारलेला क्लिअर कोट कारखान्यातल्या रंगाइतक्या तापमानाला भाजलेला नसतो, त्यामुळे तो बहुधा मऊ असतो आणि मशीनखाली लवकर उतरतो.

धुणे आणि पाणी

गाडी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, सावलीत आणि पत्रा थंड असतानाच धुवावी. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि ते पिण्या-वापरण्यासाठी साठवावे लागते, त्यामुळे गाडीच्या वाट्याला बोअरचे पाणी येणे स्वाभाविक आहे. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाण्याचा थेंब तापलेल्या पत्र्यावर वाळला, की पाणी उडून जाते आणि क्षाराचे कडे मागे राहते. ते वेळीच काढले नाही तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते. यावर उपाय महागडा नाही. बोअरच्या पाण्याने गाडी धुतल्यावर शेवटचा हात फवारणीच्या पंपातून चार-पाच लिटर आरओच्या शुद्ध पाण्याने मारावा आणि लगेच गाडी टिपून घ्यावी. मात्र आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुण्याची पद्धत काही घरांत रुजली आहे, ती बंद करावी. पाणी वाचवण्यामागची भावना योग्य आहे, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसण्यासाठी ठेवावे.

प्रथम चाके धुवावीत, कारण सर्वांत जास्त घाण तेथे असते आणि तिचे शिंतोडे दारांवर उडतात. चाकांचा ब्रश आणि फडके पुन्हा रंगाला लावू नये. त्यानंतर भरपूर पाण्याने धूळ भिजवून खाली उतरू द्यावी. शक्य असल्यास फोम मारून तो पाच मिनिटे, पण वाळू न देता, राहू द्यावा. हात लावण्यापूर्वी जितकी माती वाहून जाईल तितके ओरखडे वाचतात. मग दोन बादल्या घ्याव्यात: एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक पॅनल वरून खाली सरळ रेषेत पुसावे, मोजा साध्या पाण्यात पिळून काढावा आणि मगच पुन्हा शॅम्पूच्या बादलीत घालावा. एक पॅनल झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बसलेली काळसर वाळू पाहिली, की एकाच बादलीत ती सगळी पुन्हा गाडीवर फिरली असती, हे वेगळे सांगावे लागत नाही. भांडी घासण्याचे लिक्विड वापरू नये. ते आधी लावलेले वॅक्स काढून टाकते आणि खिडक्यांचे रबर कोरडे करते.

टिपण्याच्या फडक्याबाबत सोलापूरकरांना एक गोष्ट जरा जड वाटेल. येथील टेरी टॉवेल देशभर जातो, घराघरांत त्याचा साठा असतो आणि अंग पुसण्यासाठी त्याला तोड नाही. तो गाडीच्या रंगावर मात्र वापरू नये. सुताचे उभे फासे धुळीचा कण रंगावर दाबून धरतात, आणि टॉवेलच्या चारही कडांची दुमडून घातलेली टणक शिवण बोटांनी चाचपली तर ती रंगावर काय करत असेल, याचा अंदाज येतो. टिपण्यासाठी मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पॅनलवर पसरून अलगद ओढावा. पॉलिशचा अवशेष पुसण्यासाठी ३५० ते ४०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचे), शक्यतो कडेला शिवण नसलेले मायक्रोफायबर घ्यावे. हे टॉवेल इतर कपड्यांत मिसळून धुऊ नयेत आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नये. जुने टेरी टॉवेल दारांच्या आतल्या कडा, टायर आणि इंजिनच्या भागासाठी खुशाल वापरावेत.

धुतल्यावरही उरणारी घाण

धुऊन कोरड्या केलेल्या बोनेटवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तळवा फिरवला, तर नुसत्या हाताला न जाणवलेली खरखर बोटांखाली स्पष्ट लागते, आणि शांत जागी तिचा आवाजही ऐकू येतो. हे रुतून बसलेले कण आहेत: ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, हायवेवरील डांबराचे ठिपके, वाहतुकीत उडालेले सिमेंट, गळीत हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांतून येणारी काजळी. हे कण न काढता मशीन फिरवले, तर पॅड तेच कण गोल गोल फिरवून नवे ओरखडे काढतो.

लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर फवारावा. पांढऱ्या गाडीवर दोन-तीन मिनिटांत मागच्या दारांवर आणि डिकीवर जांभळे ओघळ उतरू लागतात. ही त्या द्रवाची लोखंडाशी झालेली रासायनिक क्रिया होय. त्याचा वास उग्र असतो, म्हणून मोकळ्या जागेत, हातमोजे घालून काम करावे आणि द्रव वाळण्याआधी धुऊन टाकावा. डांबरासाठी टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन ठिपक्यावर थोडा वेळ धरावा, म्हणजे न घासता ठिपका सुटतो. क्षाराच्या ताज्या डागांवर व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात मिसळून भिजवलेले फडके एक-दोन मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. जुने डाग निघाले नाहीत तर त्यांनी क्लिअर कोट कोरलेला असतो आणि ते पॉलिशवर सोपवावे लागतात.

शेवटी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी. सुपारीएवढा तुकडा चपटा करून, पॅनलवर शॅम्पूचे पाणी किंवा क्ले ल्यूब (क्ले घसरावा म्हणून मारायचा द्रव) सढळ हाताने फवारून तो अजिबात न दाबता पुढे-मागे सरकवावा. सुरुवातीला तो अडखळतो आणि कण निघून गेले की गुळगुळीत घसरू लागतो. तुकडा वारंवार दुमडून स्वच्छ बाजू घ्यावी. जमिनीवर पडलेला क्ले कितीही नवा असला तरी टाकून द्यावा, कारण त्यात अडकलेला वाळूचा एक खडा पुरेसा असतो. क्ले केल्यावर रंगावर हलक्या रेघा दिसू शकतात, म्हणून हे काम शक्यतो पॉलिश करायचे असेल तेव्हाच करावे.

पॉलिश

या कामासाठी डिसेंबर-जानेवारीसारखा काळ नाही. उन्हाळ्यात करायचेच झाले तर पहाटे सुरू करून नऊपर्यंत थांबावे. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड काही सेकंदांत वाळते, पॅड कोरडा फिरतो आणि त्याची भुकटी पुसताना पुन्हा ओरखडे पडतात. जागा बंदिस्त किंवा किमान आडोशाची हवी आणि आदल्या दिवशी झाडून, पाणी शिंपडून ठेवलेली असावी. जमीन ओली असताना वायर आणि बोर्ड वर टांगून ठेवावेत.

गॅरेजमध्ये बहुधा रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गोल फिरवणारे) आणि लोकरीचा पॅड वापरतात. कुशल कारागिराच्या हातात ते वेगाने काम करते. अकुशल हातात ते एकाच जागी उष्णता साठवते, कडेवरचा रंग जाळते किंवा उन्हात दिसणारे धुरकट गोल पट्टे मागे ठेवते. घरी काम करणाऱ्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावे. त्याचा पॅड फिरता फिरता लहान वर्तुळांतही हलतो, दाब वाढला की फिरणे थांबवतो आणि त्यामुळे चूक सहसा दुरुस्त होण्याजोगी राहते.

सुरू करण्यापूर्वी प्लॅस्टिकची पट्टी, रबर, हेडलाइट, लोगो आणि पॅनलच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावावा. कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि पॉलिश करताना पत्रा उघडा पडण्याच्या घटना जवळजवळ नेहमी कडांवरच घडतात.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असूनही तोच बहुतेक वेळा गाळला जातो. बोनेटवर दीड फूट लांब-रुंद चौकोन टेपने आखावा आणि संपूर्ण गाडीसाठी कोणता पॅड आणि कोणते पॉलिश लागेल, हे त्या चौकोनावर ठरवावे. आरंभ मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने करावा. त्याने ओरखडे पुरेसे गेले तर पुढची पायरी चढूच नये. गेले नाहीत तर आधी मध्यम पॅड, मग मध्यम पॉलिश आणि त्यानंतरच कटिंग पॅड व कंपाउंड. कडक कंपाउंडने सुरुवात करणारा वेळ वाचवतो, पण किती कमी घासून काम भागले असते, हे त्याला कधीच कळत नाही.

पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब घ्यावेत, मशीन बंद ठेवून ते चौकोनात टेकवावेत आणि सर्वांत कमी वेगावर पसरावेत. मग मशीनवरील वेगाची चकती चार किंवा पाचवर नेऊन पॅड पूर्ण सपाट धरावा आणि हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने, आधी आडवा आणि मग उभा फिरवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकेल असा असावा. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडा अधिक, पॅड फिरत राहील इतकाच. पॅडच्या पाठीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसत असेल तर दाब योग्य आहे, ती जागीच थरथरत असेल तर हात जड झाला आहे. चार ते सहा फेऱ्यांनंतर पुसून, पाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून त्याचा फवारा मारून पुन्हा पुसावे. पॉलिशमधील तेल ओरखड्यांत साचून ते तात्पुरते झाकते, आणि ‘झकास’ दिसणारी गाडी पहिल्या धुण्यानंतर पूर्वीसारखी दिसू लागण्यामागे बहुधा हेच कारण असते. तेल निघाल्यावर एलईडी टॉर्च तिरपी धरून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडावा आणि तो ओला किंवा गरम झाला की बदलावा. एका गाडीला एकाच प्रकारचे चार-पाच पॅड सहज लागतात. पत्र्याला हात लावून पाहत राहावे. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बंपर प्लॅस्टिकचे असल्याने त्यांची उष्णता पसरत नाही, तेथे वेग आणि फेऱ्या दोन्ही कमी ठेवाव्यात. कंपाउंड वापरले असेल तर त्यामागोमाग मऊ पॅड आणि बारीक पॉलिशची एक फेरी आवश्यक असते, अन्यथा काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांवर धुके राहते. पूर्ण गाडीला एक दिवस पुरेल, असे धरून चालू नये. शंभर टक्के ओरखडे काढण्याचा हट्टही धरू नये. रोज एमआयडीसीच्या किंवा हायवेच्या धुळीतून जाणाऱ्या गाडीचे सत्तर-ऐंशी टक्के ओरखडे गेले आणि थर शिल्लक राहिला, तर माझ्या मते ते उत्तम काम आहे. २००० किंवा ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने रंग ओला घासणे या मार्गदर्शनात मुद्दाम घेतलेले नाही. ते जाडीमापक यंत्राशिवाय आणि सरावाशिवाय करू नये.

संरक्षण

पॉलिश केलेला रंग उघडा ठेवू नये. कार्नोबा वॅक्स (झाडाच्या पानांपासूनचे मेण) रंगाला सुंदर खोली देते, ते ८२ ते ८६ अंशांना वितळते, पण आपल्या उन्हाळ्यात उघड्यावरच्या बोनेटवर ते काही आठवड्यांतच विरते. ते सणासुदीपुरते ठीक आहे. कृत्रिम सीलंट (वॅक्सऐवजी लावायचा रासायनिक संरक्षक थर) चार ते सहा महिने टिकतो, किंमत आणि मेहनत या दोन्हींचा विचार करता घरी काम करणाऱ्यासाठी मी तोच सुचवेन. सिरॅमिक कोटिंग एक ते तीन वर्षे टिकू शकते आणि धूळ-पाणी सहज सोडते, परंतु ते लावल्यावर गाडी एक दिवस पाण्यापासून आणि साधारण आठवडाभर शॅम्पूपासून दूर ठेवावी लागते. विक्रेते सांगतात ती ‘९ एच’ कठीणता पेन्सिलच्या चाचणीतील असते. ती वाळूला किंवा कोरड्या फडक्याला रोखत नाही. नवी गाडी घेताना हजारो रुपयांचे ‘टेफ्लॉन’ गळ्यात मारले जाते, तेव्हा कोणते द्रव्य, किती थर आणि पॉलिश करून की तसेच, हे तीन प्रश्न विचारावेत. कोटिंगखाली राहिलेले ओरखडे कोटिंग निघेपर्यंत तसेच राहतात.

पिवळसर पडलेले हेडलाइट हा वेगळा विषय आहे, तरी थोडक्यात: काच दिसते ती पॉलिकार्बोनेट असते आणि तिच्यावरील संरक्षक थर उन्हाने जळतो. ८०० पासून ३००० नंबरपर्यंत क्रमाने ओल्या पेपरने घासून पॉलिश केल्यास ती स्वच्छ होते, पण त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा क्लिअर मारला नाही तर काही महिन्यांतच ती पुन्हा पिवळी पडते.

पुणे किंवा हैदराबाद मार्गावर वारंवार जाणाऱ्या गाडीच्या बोनेटच्या पुढच्या कडेवर खडीचे टवके उडतात. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्यापूर्वी टच-अप करून घ्यावे. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो.

यापुढे रोजची कोरडी पुसणी बंद करावी आणि गाडी पुसायला येणाऱ्या माणसालाही तसे नीट समजावून सांगावे. त्याच्या हातात झटकणीऐवजी पाण्याचा पंप आणि दोन मायक्रोफायबर द्यावेत. कडुनिंबाखाली उभ्या गाडीवर पक्ष्याची विष्ठा पडली तर संध्याकाळची वाट न पाहता तिच्यावर ओले फडके पाच मिनिटे ठेवून ती उचलून घ्यावी, कारण तापून प्रसरण पावलेला क्लिअर कोट रात्री आकसतो आणि डाग त्यात कोरला जातो. गाडीवर सोलापुरी चादर टाकण्याचा मोह टाळावा. जाड सुती विणीत धूळ अडकते आणि वाऱ्याने चादर हलली की ती रंगावर घासली जाते. तयार कव्हरही धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घालावे. गच्चीलगतच्या किंवा मोकळ्या मैदानालगतच्या जागेत, जेथे दुपारचा वारा कव्हर सतत फडफडवतो, तेथे कव्हर अजिबात वापरू नये; चार खांब रोवून पत्र्याची शेड किंवा निदान हिरवी शेडनेट बांधून घ्यावी, आणि तिचा उतार असा ठेवावा, की मे महिन्यातील पश्चिमेचे ऊन बोनेटवर येणार नाही.